तेंदूच्या हंगामात

झुरू मडावीला लाल-हिरवं कळत नाही.
वनरक्षकाच्या भरतीत ठिपक्यांच्या वहीत
आकडा होता म्हणे;
त्याला नुसते ठिपके दिसले.
घरी आला, बैलं सोडली.

मे महिन्यात पानं तोडताना तो ओरडला,
"वयनी, पाय नको टेकवू!"
सागाच्या वाळल्या पानांवर मला दिसली
सागाची वाळली पानं.
"रातवा हाय. खाली दोन अंडी."
बघत राहिले.
मग एका पानानं डोळा मिटला.

कुणी रंगवलं असेल ह्याला?
ज्यांना दिसला त्यांनीच.
मुंगसानं, धामणीनं, शिकऱ्यानं
जरा उजळ पिसाचा दिसला की खाल्ला,
दर विणीला एक चुकलेली रेघ पुसली.
उरलं ते हे: पान, पानाची सावली,
कडेला थोडी राख.

आम्ही रंगाला फसतो.
झुरूपर्यंत रंग पोचतच नाही;
तो कड बघतो, पोत बघतो,
सावली कुठं अडली ते बघतो.

संध्याकाळी फडीमुनशीनं विचारलं,
"तिकडच्या टेकाडावरची पानं?"
"तिकडं तेंदूच नाही," झुरू म्हणाला,
आणि त्याचा चेहरा
हुबेहूब वाळल्या पानासारखा.