हवा निघेपर्यंत

श्रीखंडाचा रिकामा डबा, धुऊन पुसलेला.
त्यात बोटभर वर येईल इतकं नवं ऑइल
आणि तळाशी आठ लिफ्टर,
काल रात्रीपासून बुडून बसलेले.

वडाळा नाका, सकाळचे साडेनऊ.
शटर अर्धंच वर केलंय, धूळ नको म्हणून.
इंजिन उघडं असलं की खैरनार मिस्त्री
झाडूसुद्धा मारू देत नाही.
शिंक आली तर बाहेर जाऊन शिंक म्हणतो.

गाडी सिएलो.
कंपनी केव्हाच गेली, गाडी राहिली,
देवळाली कॅम्पच्या होमायबाईंकडे.
परवा स्वतः चालवत घेऊन आल्या नि म्हणाल्या,
"आमच्या टायपिंग क्लासमधी पण एवढा आवाज नव्हता, डिकरा,
आनि तिथे तर बावीस मशीन होते."

जुने लिफ्टर मी अंड्यांच्या ट्रेमध्ये मांडलेत,
ज्याचं घर त्याच्या नंबरनं, खडूनं लिहून.
भंगारातच जायचेत, तरी क्रम सोडायचा नाही.
कोणत्या घरात कोण किती झिजलं
ते सांगता आलं पाहिजे.
तिसऱ्याच्या डोक्यावर खळगा पडलाय,
डोळ्यांना दिसत नाही,
नखाला लागतो.

आता नवे.
डब्यातच धरायचा, ऑइलच्या आत,
बोथट सळईनं वरून दाबायचा, सोडायचा.
बुडबुडा येतो.
दाबायचा, सोडायचा.
अजून एक येतो, मोहरीएवढा.
"हवा लबाड असते," मिस्त्री म्हणतो,
"गेले गेले म्हणते नि कोपरा धरून बसते."
मग एका वेळी सळई दबतच नाही.
आत नुसतं तेल, दगडासारखं.
तो एक झाला.

सहावा हातात होता तेव्हा आईचा फोन.
गॅस संपलाय, नंबर लाव.
नंबर लावला.
सहावा उचलून घरात सोडला.

घरं रॉकेलनं पुसलेली, फडकं पांढरं निघेपर्यंत.
लिफ्टर आपल्या वजनानं उतरला पाहिजे,
अडला तर काढायचा, फिरवून पाहायचा,
ठोकायचा नाही.
वर रॉकर. कॅमच्या उंचवट्यांना बोटानं ऑइल,
हात आखडता न घेता.

झाकण बसलं. मी किल्लीला हात घातला
तर त्यानं मनगट धरलं.
"अर्धा तास."
भरलेले लिफ्टर व्हॉल्व्ह उघडे धरून बसलेत,
दबून जागेवर येऊ देत,
नाहीतर पिस्टन वर येईल नि व्हॉल्व्ह वाकवील.

अर्ध्या तासात दोन कटिंग
आणि अंबडच्या प्रेसशॉपची गोष्ट.
एकोणीस वर्षं, दोनशे टनांच्या प्रेसशेजारी.
कान एकदम गेले नाहीत.
आधी पाखरं गेली,
मग कुकरची शिट्टी,
मग टॅपेट.
"पाखरांचं काही वाटलं नाही," म्हणाला,
आणि ग्लास विसळायला उठला.

किल्ली.
आठही एकदम बोलायला लागले,
पत्र्यावर गारा पडाव्यात तसे.
ऑइल चढत गेलं.
एक गप्प झाला. मग दोघं. मग बरेच.
एक उरला.
कोणता ते मला मोजावं लागलं नाही.

मिस्त्रीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.
"थांबला?"

हो म्हटलं असतं तर हो झालं असतं.
संध्याकाळपर्यंत गाडी देवळालीला,
हातात मजुरी.
मी त्याचा काळा तळहात ओढला
आणि त्यावर बोटानं वाजवलं
टक, टक, टक, टक,
इंजिन वाजत होतं त्याच चालीत.

ओरडला नाही.
"कुठला?"
सहा बोटं दाखवली.
त्यानं एका हातानं केबल ओढून रेस वाढवली,
दुसरा हात माझ्यापुढे पसरलेलाच ठेवला.
मी वाजवत राहिले.
टक, टक.
बाहेर द्वारकेकडे जाणाऱ्या ट्रकनं हॉर्न दिला,
तो मी वाजवला नाही.
टक.
थोडं थांबून, टक.

मग नुसतं बोट,
त्याच्या तळहाताला टेकलेलं.