कारणाचा रकाना

पहिलीच्या प्रवेशअर्जात, गोवराच्या लसीखाली
एक रकाना आहे: न घेतल्यास कारण.
बोटभर जागा.
हेडमास्तरांनी अर्ज माझ्याकडे धाडला,
सोबत देवचंदआप्पा झांबरे आणि नातू ओजस.

"लिहा सिस्टर, देवाची मनाई.
परकं काही रक्तात घालू नका, गुरूचं सांगनं आहे.
अन् देव चालत नसीन तं लिहा, तत्त्व.
तत्त्वाले कोन नाही म्हनीन?"

मी पेन उघडून तशीच बसले.
रावेरच्या उन्हात पेटीतला बर्फ
दोन वाजताच सुटायला लागतो.

माझ्या आईच्या दंडावर दोन वण होते.
देवी काढायला आले तेव्हा
तिला ज्वारीच्या कणगीत लपवलेलं.
दोघांनी हात धरले, तिसऱ्यानं टोचलं.
देवी काढणं म्हणतो आपण,
नाव देवीचं, आणि काम तिच्याच विरोधात.
त्या माणसाला ती जन्मभर शिव्या देत राहिली.
जन्म चांगला ऐंशी वर्षांचा झाला.
तरी धरलेल्या हाताची मला भीती वाटते,
तो माझा असला तरी.

म्हणून नुसतं विचारलं,
आप्पा, मागच्या श्रावणात केळीवर मोझॅक आला,
शेजारच्या कडू भंगाळेची नऊशे खोडं
तुम्हीच उपटायला लावलीत ना?
तो म्हणत होता, खोडं माझी, मर्जी माझी.
तुम्ही म्हणालात, माव्याले बांध समजत नाही.

आप्पा बराच वेळ पायाकडे बघत होते.
"केयी अन् पोर येक नाही, सिस्टर."

खरंच नाही.
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

फाईलमधून दुसरा अर्ज काढला,
नाव अंगठ्याखाली झाकलं.
तोच रकाना, अक्षरं रेघेबाहेर गेलेली:
रक्ताचा आजार आहे. जळगावच्या डॉक्टरांनी
सध्या लस देऊ नका सांगितलं.
बाकीच्या मुलांनी घ्यावी ही विनंती.

अंगठ्याचा काही उपयोग झाला नाही.
आप्पांनी अक्षर ओळखलं:
तडव्यांची रेहाना, त्यांच्याच बागेत घड वाहते,
हजेरीवर सही करते, अंगठा देत नाही.

मी पेन त्यांच्यापुढे ठेवलं.
म्हटलं, कारण तुमचं, अक्षरही तुमचंच असू द्या.

पेन त्यांनी घेतलं.
टोपण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.
ओजसनं बाही कधीच वर केली होती,
डास चावला होता, खाजवत होता.