ठिपक्यांसकट

तपकीर गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
जिना संपतो तिथेच माझं टेबल.
त्यावर आज दोन ग्राफिक्स कार्डं,
पंगतीत शेजारी आलेल्या
आणि एकमेकांशी न बोलणाऱ्या चुलतभावांसारखी.

डावं सहा जीबीचं. एकच पंखा, तोही किरकिरा.
कर्वेनगरच्या एका दंतवैद्याचं. मुलगा परदेशी गेला, तेव्हा
मूळ खोक्यात, मूळ पिशवीत, बिलासकट आणून दिलं.
उजवं आठ जीबीचं, दोन पंखे, अंगावर लाल पट्टा.
आणणारा चाकणचा माणूस म्हणाला होता,
"फक्त रविवारी वापरलंय."
मी नाकाशी धरून पाहिलं.
रविवार इतका करपत नाही.

समोर स्टुलावर शलाका तुपे. आर्किटेक्चर, चौथं वर्ष.
उद्या सबमिशन, घरचं कार्ड काल रात्री गेलं,
बजेट तेरा हजार, त्यातले दोन मैत्रिणीचे.
"काका, जास्त फास्ट कुठलं?"
मी म्हटलं, सांगण्यावर जाऊ नये, लावून बघावं.

दोघांना एकच चित्र दिलं, तिनेच उभं केलेलं:
कात्रजचा बसस्टॉप. पत्र्याचं छत, एक बाक,
बाकावर मांडीवर पिशवी घेतलेला माणूस,
आणि साडेचारचं ऊन.

आधी डावं.
चौकोन चौकोन करत चित्र भरू लागलं,
कुणी फरशी पुसत मागे मागे सरकावं तसं.
इरफान खाली जाऊन चहा सांगून आला,
चहा आला, कप परत गेले.
एकेचाळीस मिनिटं. सदुसष्ट अंश.
किरकिरलं, पण चुकलं नाही.
माणूस पूर्ण आला, चपलेच्या अंगठ्यापर्यंत.

मग उजवं.
पंखे असे उठले की टेबलावरच्या पावत्या उडाल्या.
बघता बघता छत, बघता बघता बाक,
तेवीस मिनिटं! इरफानने अंपायरसारखं बोट वर केलं.
मी आकडा पाहत नव्हतो.
पंचवीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेत;
आधी रंग खोटं बोलतो, मग आवाज.
शहाऐंशी अंशाला त्या माणसाच्या खांद्यावर
एक गुलाबी ठिपका आला होता.
मग छतावर दोन. मग उन्हात सात-आठ.

"बघ," मी म्हटलं, "मेमरी भाजलीये.
आज ठिपके, सहा महिन्यांनी पट्टे, मग काळोख.
डावं घे. हळू आहे, पण..."
पण ती ऐकत नव्हती.
स्क्रीनला नाक लावून म्हणाली,
"इथे मागे बोगनवेल आहे, काका. खऱ्या स्टॉपला, कुंपणावर.
मी काढली नव्हती. पानं फार जड होतात."

मग हिशेब सांगितला, बोटांवर:
बारा चित्रं. इकडून सव्वाआठ तास,
तिकडून साडेचार.
"फरक म्हणजे माझी झोप."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
उजव्याचं अंग उघडलं, वाळलेली पेस्ट खरवडली,
नवी लावली, वेग जरा आवरला.
सत्तावीस मिनिटं. अठ्ठ्याहत्तर अंश.
तिच्या झोपेतला पाऊण तास मी खाल्ला.
ठिपका एकच उरला, खांद्यावरचा.
"बाकीचे गेले?" तिने विचारलं,
आणि तो आवाज तक्रारीचा होता.

बिलावर नेहमीचं लिहिलं:
माल चालवून दाखवला. ठिपका दाखवला.
नंतर ऐकून घेतलं जाणार नाही.
मग पेन उघडंच राहिलं म्हणून खाली:
बोगनवेलीचे पैसे लावलेले नाहीत.

ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली.

डावं मी परत खोक्यात घातलं,
दंतवैद्याच्या बिलाशेजारी.
येईल कुणीतरी, ज्याला घाई नाही.
असे लोकही येतात या गल्लीत.
इरफान म्हणतो, दिवाळीनंतर.