भिंतीचा घेर

गोंदरच्या दक्षिणेला, इथिओपियाच्या पठारावर,
नजर थकेपर्यंत तेफची पिवळी शेतं
आणि मध्येच, शाई सांडावी तसं, एक रान.
रानाच्या पोटात देऊळ, गोल, पत्र्याच्या छपराचं.
देवळाच्या पोटात काय, ते विचारायचं नाही.

मी झाडं मोजायला आलो होतो.
पन्नास मीटरची फीत, वही,
आणि दुभाष्या म्हणून शाळकरी एन्दालेव.
भिंतीपाशी केस यितायाल म्हणाले, आधी पायातलं काढ.
काढलं.
जुनिपरच्या सुयांवरून चालताना
माणसाचं सगळं शिक्षण तळपायात उतरतं.

पहिल्या वर्षी रानाच्या दगडी भिंतीचा घेर भरला
आठशे बेचाळीस मीटर.
जुन्या नकाशात तोच होता नऊशे दहा.
भिंत कुणी हलवली नव्हती, कुणालाही विचारा.
मुलातला विचारलं, त्याचं शेत लागूनच.
दगड आहेत, म्हणाला, पावसात घसरतात.
घसरले होते खरे,
चढावर.

आमच्याकडे याला बांध कोरणं म्हणतात,
मी एन्दालेवला समजावलं:
दर नांगरटीला वीतभर,
बापाच्या हयातीत एक तास, मुलाच्या हयातीत दुसरं.
भावाला कळतं, देवाला कळतं,
कोर्टाला कळत नाही.
तो पोट धरून हसला.
त्यांच्याकडेही शब्द होता.

त्याच कोरड्या ऋतूत रानाखालचा झरा आटला.
सभा झाली नाही. शपथा झाल्या नाहीत.
रविवारी केस बोलले ते उपासाबद्दल,
झाडांचं नावही नाही.
फक्त म्हातारी यशीमाबेत
रिकामी घागर उपडी घालता घालता म्हणाली,
पाण्यालाही निजायला अंधार लागतो.

दुसऱ्या वर्षी घेर भरला आठशे एक्कावन्न.
फीत उन्हाने ताणली असेल म्हणून नवी आणवली.
तिसऱ्या वर्षी, नव्या फितीने,
आठशे त्रेसष्ट.

मग एका रात्री मी राखणदाराच्या झोपडीत जागत बसलो.
तरस ओरडून गेला.
नंतर दगडावर दगड टेकल्याचा आवाज,
कुणी झाकण हळूच ठेवावं तसा.
चांदण्यात मुलात, खांद्यावर धोंडा,
स्वतःच्याच शेतात भिंत ओढून आणत होता.
पलीकडून पांढरी शाल पांघरलेली यशीमाबेत,
तिच्याही कडेवर दगड, नातवासारखा.
दोघं समोरासमोर आली
आणि चोराने चोर पाहावा तशी
माना वळवून आपापल्या वाटेने गेली.

मला वाटायचं, पाप अंधारात होतं
आणि पुण्य उजेडात, चार जणांनी बघावं म्हणून.
इथे दोन्हींना एकच वेळ होती,
तेच दगड,
बहुधा खांदेही तेच.
घेताना शेजाऱ्याची भीती. देताना कुणाची?
पण परत ठेवायचं म्हणजे
घेतलं होतं हे आधी स्वतःशी तरी म्हणावं लागतं,
आणि ते दगडापेक्षा जड.

सकाळी केस नगाऱ्याची वादी आवळत होते.
मी विचारलं, तुम्हाला माहीत आहे?
त्यांनी वादी दातात धरली, गाठ मारली, मग म्हणाले,
भिंतीला रात्री हिंडायची सवय आहे.
आता घराकडे वळली आहे
तर हाक मारू नकोस,
बुजेल.

अहवालात मी लिहिलं:
घेरातील फरक, मोजणीतील चूक.
आयुष्यात इतकं खरं मी क्वचितच खोटं लिहिलं असेल.
बांध कोरणं. याच्या उलट काय?
आजीच्या, आत्याच्या, तलाठ्याच्या तोंडचे
सगळे शब्द आठवून पाहिले.
नाही सापडला.
एन्दालेवला विचारलं, तुमच्यात आहे का?
तो पहिल्यांदाच हसला नाही.

निघताना पायातलं घालायला बाहेर आलो.
पहिल्या वर्षी ज्या चपट्या दगडाशी चपला काढल्या होत्या
तो शोधला.
दगड तिथेच होता.
त्याच्या कडेला रानऑलिव्हचं रोप, बोटभर,
फीत लावण्याइतकं मोठं नव्हे.
भिंत मात्र पुढे गेली होती,
दगड आत राहिला होता.
मी चपला हातात घेतल्या
आणि आणखी थोडं
अनवाणी चाललो.