सातवा नियम

रविवारी माग बंद, म्हणून मीटिंग गाजुलांच्या शेडात.
अक्कलकोट रोड, तापलेला पत्रा,
टॉवेलच्या गठ्ठ्यांवर अकरा माणसं
आणि दाराशी, कुणी बोलावलेलं नसताना, माझी चंद्री.

विषय एकच. जानेवारीच्या शोला जज कोण?

पहिलं नाव बिराजदार मास्तरांचं.
"निम्म्या रिंगणात त्यांच्याच कुत्रीची पिल्लं हैत की बे," इरण्णा म्हणाला.
खोडलं.
मिरजेचे डॉक्टर दोन वर्षांमागेच येऊन गेले,
नियम म्हणतो तीन.
खोडलं.
पुण्याच्या बाई अभ्यासू, पण त्यांचा हात अल्सेशियनवर बसलेला.
कारवानाच्या फासळ्या दिसल्या की त्यांना वाटतं उपाशी ठेवलंय.
मागे एकदा शेऱ्यात लिहून गेल्या होत्या, "खायला घाला."
सगळे हसलो. हसता हसता बाई खोडल्या.
चौथं नाव निघालं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.
मुदस्सर पंख्याकडे बघत राहिला.
त्याचा साडू.

आम्हाला असा माणूस हवा
ज्याला कमरेच्या दोन हाडांमध्ये बोटं टेकवून
न बोलता अंतर कळेल,
कडब्याच्या रानात ससा उठला
तर यातलं कुठलं जनावर शेवटपर्यंत टिकेल, ते
उभ्या कुत्र्यावरून सांगता येईल,
आणि जो पट्टा धरलेल्याच्या तोंडाकडे बघणार नाही.

नियमांचा कागद मीच वाचतो, मी सेक्रेटरी.
सहापर्यंत आवाज ठणठणीत असतो.
सातवा: जजने कोणाही सभासदाच्या घरी उतरू वा जेवू नये.
तेव्हा कुणी माझ्याकडे बघत नाही.
अकरा माणसांना एकदम
तपकीर, मोबाईल, चपलेचा तुटका अंगठा आठवतो.

नऊ वर्षं झाली. लॉजवर पाणी नव्हतं,
खरंच नव्हतं,
म्हणून जज रात्री आमच्याकडे.
सुनंदानं कडक भाकरी केली होती, शेंगाची पातळ भाजी.
"वहिनी, अजून थोडी," दोनदा म्हणाले.
चंद्री पायाशी बसून होती.
त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतका काटेकोर माणूस.
दुसऱ्या दिवशी होम मैदानावर
पहिला नंबर चंद्रीचा.

ती होतीच तशी. पळताना मागचे पाय
पुढच्यांच्याही पुढे पडायचे.
ती होतीच तशी, हे मी किती जणांना सांगितलं,
आणि त्यांनी किती लगेच मान्य केलं.
बरोबर होतं की भाकरीचं होतं,
आता कळायला वाटच नाही. मलाही. त्या जजलाही नसेल.
पुढच्या मीटिंगला नियम मीच मांडला,
अक्षर माझंच आहे.
कपात सुनंदा सुया आणि बटणं ठेवते.

शेवटी दोन नावं उरली. चिठ्ठ्या टाकायला
इरण्णाच्या चटणीचा रिकामा डबा.
मतं निघाली ती तांबूस, तेलकट,
प्रत्येकाला लसणाचा वास.
सात विरुद्ध चार, जतचे बिरा लोखंडे,
गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त,
इथे नातं नाही, ओळख नाही, पिल्लू नाही.
हरलेल्या चौघांनी आधी टाळ्या वाजवल्या.

रात्री पत्र लिहायला बसलो.
स. न. वि. वि.
एसटी स्टँडवर रिक्षा येईल, ती आमच्यापैकी कुणाची नाही.
खोली लॉजवर. नळाला पाणी येतं,
मी स्वतः जाऊन सोडून पाहिलं आहे.
डबा हॉटेलातून.
कुत्र्यांना फक्त नंबर असतील,
कृपया नाव विचारू नये.

"यंदा कोण येणारेत?" आतून सुनंदा,
"जेवायला किती धरू?"

कुणी नाही, म्हटलं.

चंद्री आता बारा वर्षांची. ऐकू कमीच येतं.
'जेवायला' म्हणताच मात्र
एक कान उभा राहिला,
आणि थोडा वेळ तसाच राहिला.