घट

सराफ्यात रात्री शटरं खाली आली की
आमच्याच ओट्यावर गेंदालाल भुट्ट्याचा कीस मांडतो.
ओट्याचं भाडं मी लिहितो.
हा नफा. इथवर हात थरथरत नाही.

तोळ्यामागे घट लिहितो.
घडवताना सोनं उडतं म्हणे,
गिऱ्हाईक मान डोलावतं.
उडालेलं सोनं कुठं जात नाही पण.
घरी निघताना तपन कर्मकार
हात धुतो आमच्याच घंगाळात,
केस विंचरतो आमच्याच कागदावर.
महिनाअखेर झारेकरी येतो, केराची बोली लावतो,
तेही पैसे मी लिहितो, जमेला.
एकच घट, दोनदा.
शेठ म्हणतात, मुनीमजी, धंदा आहे.
असेलही.

परवा भरदुपारी एक बाई आली, थेट एमवायमधून,
केसपेपर मुठीत चुरगळलेला.
गळ्यातलं काढून गादीवर ठेवलं.
कसोटीवर बावीसचा कस लागला.
शेठनी सोनं पाहिलं, मग भिंतीवरचं घड्याळ,
मग तिच्या चपला,
दोन पायांत दोन वेगळ्या,
आणि अठराचा भाव सांगितला.
तिनं घासाघीस केली नाही.
पावती मी फाडली.

रात्री वही अडली.
वजन आहे, रक्कम आहे,
मधल्या चार कॅरटांना रकाना नाही.
बराच वेळ टाक कोरडा करत बसलो,
शेवटी लिहिलं : घट.

मग घंगाळात हात धुतले,
आणि पाणी
सवयीनं
ओतून दिलं नाही.