कर्मणी प्रयोग

बस, लिंबिकानी. वीज सातला येईल म्हणतात,
तोवर खिडकीपाशी उजेड पुरेल.
तुझा मसुदा मी दोनदा वाचला,
एकदा झोम्बाच्या बाजारात, मक्याच्या पिठाच्या रांगेत उभी राहून.

पहिली तीन पानं काढून टाक.
चिल्वा सरोवर जगाच्या नकाशावर कुठे आहे
हे सांगायला एवढा धापा टाकत का येतोस?
ज्याला वाचायचंय तो शोधेल.
तुझा लेख सुरू होतो चौथ्या पानावर,
जिथे पाणी गुडघ्याखाली गेलं
आणि मातेम्बा मासे खारट डबक्यात दाटीने उरले.

'नमुने गोळा करण्यात आले.'
कोणी केले?
तुझ्या वहीच्या कडेला चिखलाचा अंगठा उमटलाय,
तो तुझा नाही.
"बाम्बो साइदींचा. होडी त्यांची,
जाळ्याची भोकंही तेच मोजायचे."
मग या वाक्यात त्यांना कुठे बुडवलंस?

तिसरा तक्ता चुकलाय. बेरजा बरोबर आहेत.
ऑगस्टच्या ज्या आठवड्यात तुला मलेरिया होता
तिथे तू सरासरी भरलीस.
रिकामं ठेव. खाली एक ओळ लिही:
आजारी होतो.

आणि हो, ती मेल,
तीनशे डॉलर, चार दिवसांत छापून,
'आदरणीय प्राध्यापक' अशी हाक मारणारी.
तुझा प्रबंधही अजून जमा नाही, पोरा.
न वाचताच जो वाहवा करतो
त्याच्या दारात पाऊल ठेवू नकोस.
मी वाचते. म्हणून तर एवढी शिसपेन झिजली.

आता शेवटचं.
सगळ्यात वर माझं नाव आहे.
आदर म्हणून, माहीत आहे.
मीही असंच लिहिलं होतं, सत्तावीस वर्षांमागे,
एका माणसाचं नाव,
ज्याने हे सरोवर फक्त विमानातून पाहिलं होतं.
त्याने ते खोडलं नाही.
आजही तो लेख कुणी उद्धृत केला
की त्याच्या नावापुढे येतं, 'आणि इतर'.
मी इतर.

ती शिसपेन दे इकडे.

उद्या होडीवर जाशील तेव्हा
साइदींना त्यांच्या नावाचं स्पेलिंग विचार.
तू दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलंयस.